मृताचा विश्वास आणि न्यायालयाची मोहर : मुंबई इलाख्यातील एक्झिक्युटरपदाचा इतिहास (१७२६–२०२५)

१. प्रश्नाचे स्वरूप

एखादा गृहस्थ मृत्युपत्र करून निवर्तला, तर त्याच्या मिळकतीचा कारभार दुसऱ्या दिवसापासून कोणी पाहावयाचा, हा प्रश्न वरवर दिसतो तितका साधा नाही. घरात रोकड असते, पेढीवर ठेव असते, कुळांकडे खंड थकलेला असतो आणि सावकाराचे व्याज मृत्यूसाठी थांबत नाही. मृताने ज्याचे नाव कागदावर लिहून ठेवले तो मनुष्य पुढे येतो आणि हा कारभार आपणाकडे सोपविलेला आहे असे सांगतो. पेढीवाल्याने ते कशावरून मानावे? त्याला रक्कम दिल्यावर उद्या दुसरा वारस उभा राहिला, तर तीच रक्कम पुन्हा द्यावी लागणार नाही कशावरून? आणि मृताने ज्याच्यावर विश्वास टाकला, त्याच्यावर इतरांनीही विश्वास टाकलाच पाहिजे असे बंधन कोठून येते?

मुंबई इलाख्यात या प्रश्नांची दोन निरनिराळी उत्तरे दीर्घकाळ शेजारी-शेजारी नांदत होती. पहिले उत्तर असे की, एक्झिक्युटरचा अधिकार मृताच्या शब्दातून जन्म घेतो; न्यायालयाची मान्यता ही ज्याला हवी त्याने घ्यावयाची सोय आहे. दुसरे उत्तर असे की, न्यायालयाची मोहर उठल्याखेरीज तो शब्द न्यायालयात उच्चारताही येत नाही. पहिले उत्तर १८२७ पासून मुफसलात रुजले. दुसरे मुंबई बेटावर इंग्रजी सनदांच्या मागून आले आणि हिंदूंच्या बाबतीत १८७० साली सक्तीचे झाले. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने ही सक्ती रद्द केली. एकोणिसाव्या शतकात आखलेली एक रेषा अशा रीतीने पुसली गेली असताना, ती मुळात का आखली गेली आणि तिच्या दोन्ही बाजूंस एक्झिक्युटरची स्थिती काय होती, याचा विचार करणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

आरंभी परिभाषेविषयी दोन शब्द लिहिणे अगत्याचे आहे. मृत्युपत्राप्रमाणे मिळकतीची व्यवस्था लावण्यासाठी मृत्युपत्रकर्त्याने नेमलेल्या मनुष्यास मराठीत व्यवस्थापक, निष्पादक अशी नावे योजिली गेली आहेत. परंतु व्यवहारात 'एक्झिक्युटर' हाच शब्द रुळला असल्याने येथे तोच वापरला आहे. 'प्रोबेट' म्हणजे मृत्युपत्र शाबीत झाल्याबद्दल न्यायालयाने आपल्या मोहरेनिशी दिलेली त्याची नक्कल व तिच्यासोबत एक्झिक्युटरला दिलेला कारभाराचा अधिकार. मृत्युपत्र नसेल, अथवा असूनही त्यात एक्झिक्युटर नेमलेला नसेल किंवा नेमलेल्याने काम नाकारले असेल, तर न्यायालय प्रोबेटऐवजी व्यवस्थापत्र देते व ते घेणारास अॅडमिनिस्ट्रेटर म्हणतात. एक्झिक्युटर मृताच्या इच्छेने होतो आणि अॅडमिनिस्ट्रेटर न्यायालयाच्या आज्ञेने. पुढील सर्व इतिहास या भेदाभोवती फिरतो.

२. बेटावरील परंपरा

प्रोबेटची कल्पना मुंबईस आली ती इंग्रजांच्या सनदेतून. इंग्लंडात मृत्युपत्रे शाबीत करण्याचा अधिकार शतकानुशतके धर्मपीठाच्या न्यायालयांकडे होता. पहिल्या जॉर्ज राजाने १७२६ साली दिलेल्या सनदेने मुंबई, मद्रास व कलकत्ता येथे मेयर कोर्टे स्थापन झाली आणि प्रोबेट व व्यवस्थापत्रे देण्याचा अधिकार त्यांना मिळाला. या तरतुदीचे कारण धार्मिक नव्हते. ते व्यापारी होते. कंपनीचा नोकर वा खाजगी व्यापारी मुंबईस मृत्यू पावे, त्याचे आप्त कित्येक महिन्यांच्या सागरप्रवासापलीकडे असत, आणि त्याचे धनको व ऋणको मात्र येथील बाजारात असत. मृताचा माल कोणाच्या ताब्यात आहे आणि कोणास रक्कम दिली असता आपण मोकळे होऊ, हे ठरविणारी सत्ता नसेल तर व्यापाराचा विश्वासच ढासळला असता.

१७५३ च्या दुसऱ्या सनदेने एतद्देशीयांचे आपसांतील दावे, उभयपक्षांची संमती नसल्यास, मेयर कोर्टाच्या कक्षेबाहेर ठेवले. १७९८ साली मुंबईस रेकॉर्डरचे न्यायालय आले आणि १८२३ च्या सनदेने त्याची जागा सुप्रीम कोर्टाने घेतली. मृत्युपत्रांच्या बाबतीत या न्यायालयाने लंडनच्या धर्मप्रांतात चालणारा कायदा लावावा, असा त्या सनदेचा आशय होता. हिंदी महासागराच्या काठी मृत झालेल्या मनुष्याच्या चीजवस्तूची व्यवस्था लंडनच्या बिशपच्या न्यायालयातील रीतीने लागावी, ही गोष्ट आज चमत्कारिक वाटेल. पण मोहरेची अनिवार्यता, शपथ, मिळकतीची यादी, हरकत घेऊ इच्छिणारासाठी कॅव्हेटची सोय हा सगळा सांगाडा त्याच रीतीतून आलेला आहे. खुद्द इंग्लंडात १८५७ च्या कायद्याने हे काम धर्मपीठाकडून काढून स्वतंत्र प्रोबेट कोर्टाकडे दिले. तथापि सांगाडा बहुतांशी तोच राहिला. १८६२ साली मुंबई उच्च न्यायालय स्थापन झाले, तेव्हा मृत्युपत्रविषयक अधिकारक्षेत्र सुप्रीम कोर्टाकडून त्याच्याकडे वारशाने आले.

३. १८२७ चे रेग्युलेशन

मुफसलात चित्र अगदी वेगळे होते. १८१८ साली पेशवाई संपुष्टात आल्यानंतर दख्खनचा मोठा प्रदेश कंपनीच्या अमलाखाली आला. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हे मुंबईचे गव्हर्नर असताना (१८१९–१८२७) इलाख्याचे कायदे एकत्र ग्रथित झाले. १८२७ चे आठवे रेग्युलेशन त्याच संग्रहातील होय. वारस, एक्झिक्युटर व अॅडमिनिस्ट्रेटर यांना न्यायालयाने औपचारिक मान्यता देण्याची रीत त्यात सांगितली आहे.

या रेग्युलेशनचा आरंभच लक्षणीय आहे. मृताच्या मिळकतीला लागू असलेल्या कायद्याप्रमाणे वा रूढीप्रमाणे ज्याला हक्क पोहोचतो त्या वारसाने अथवा एक्झिक्युटरने, न्यायालयाकडे आधी अर्ज न करताही, कारभार हाती घ्यावा व दावाही लावावा, असे त्यात प्रथम स्पष्ट केले आहे. त्यानंतर मान्यतेची सोय येते. मृताची मिळकत ज्यांच्या ताब्यात आहे किंवा जे त्याचे देणेकरी आहेत, त्यांना या माणसाशी व्यवहार करणे अधिक निर्धोक व्हावे, एवढ्यासाठी त्याने हवे असल्यास न्यायालयात अर्ज करावा. अर्ज आल्यावर न्यायाधीशाने जाहीरनामा काढावा, ज्याला हरकत असेल त्याने एक महिन्यात पुढे यावे, आणि पुरेशी हरकत न आल्यास पुरावा पाहून दाखला द्यावा, अशी ही पद्धती.

दाखल्याचा परिणाम काय, याविषयीही रेग्युलेशन तितकेच सावध आहे. दाखल्याने मिळकतीवर कोणताही हक्क उत्पन्न होत नाही. तूर्त कायदेशीर कारभार कोण पाहत आहे एवढेच तो दर्शवितो. त्यामुळे अन्य कोणाच्या हक्काचा अंतिम निकाल लागत नाही, आणि अधिक श्रेष्ठ हक्काचा मनुष्य पुढे आल्यास दाखला रद्द होऊ शकतो. म्हणजे न्यायालयाने येथे मालकी ठरविण्याचे काम अंगावर घेतले नाही. पैसे देणाराने कोणास दिले असता तो मोकळा होईल, एवढाच मर्यादित प्रश्न त्याने सोडविला.

ही मर्यादा कायदेकर्त्यांच्या अज्ञानातून आलेली नव्हती. दख्खनच्या नव्या मुलखात कुटुंबांची, जातींची व गावांची स्वतःची व्यवस्था चालू होती. आर्थर स्टील यांनी एल्फिन्स्टनच्या काळात दख्खनच्या जातींचे रीतिरिवाज गोळा केले ते याच जाणिवेतून. प्रत्येक मृत्यूनंतर न्यायालयाची पायरी चढावयास लावणे म्हणजे जी कुटुंबे निर्वेधपणे आपला कारभार चालवीत होती त्यांनाही निष्कारण खर्चात टाकणे झाले असते. वारसा दाखल्यासाठी महाराष्ट्रातील दिवाणी न्यायालयांत आजही या रेग्युलेशनचा आधार घेतला जातो. सुमारे दोनशे वर्षे टिकलेला कायदा लोकांची काहीतरी खरी गरज भागवीत असला पाहिजे, असे अनुमान करण्यास हरकत नाही.

४. हिंदू मृत्युपत्र आणि १८७० ची सीमारेषा

हिंदू धर्मशास्त्रात इंग्रजी अर्थाचे मृत्युपत्र नव्हते. पश्चिम हिंदुस्थानात प्रमाण मानल्या गेलेल्या मिताक्षरा व व्यवहारमयूख या ग्रंथांत दान आहे, दायविभाग आहे, दत्तविधान आहे. परंतु मृत्यूनंतर अमलात येणाऱ्या व जिवंतपणी केव्हाही फिरविता येणाऱ्या दानाचा स्वतंत्र प्रकार नाही. अविभक्त कुटुंबात तर त्याला जागाही नव्हती. सहदायादाचा हिस्सा त्याच्या मृत्यूबरोबर उरलेल्यांकडे जाई. स्वकष्टार्जित संपत्ती वाढू लागली, व्यापारी शहरांत वडिलोपार्जित नसलेल्या पेढ्या व घरे उभी राहिली, तेव्हा मृत्युपत्राची प्रथा पसरली. इलाख्यातील न्यायालयांना शास्त्री मंडळींनी दिलेल्या व्यवस्थांचा संग्रह वेस्ट व ब्यूलर यांनी १८६७ पासून प्रसिद्ध केला; रूढी आणि ग्रंथ यांची सांगड घालताना त्या काळच्या न्यायालयांची होणारी कसरत त्यात पाहावयास मिळते.

न्यायालयांनी मृत्युपत्र मान्य केले, पण दानाच्या मर्यादेतच. जे जिवंतपणी देता येत नाही ते मरणानंतरही देता येणार नाही, हे तत्त्व स्थिरावले. १८७२ साली कलकत्त्याच्या टागोर घराण्याच्या प्रकरणात प्रिव्ही कौन्सिलने, मृत्युपत्रकर्त्याच्या मृत्युसमयी अस्तित्वात नसलेल्या व्यक्तीस हिंदूला मृत्युपत्राने देणगी देता येत नाही, असे ठरविले. १८८० साली मुंबई इलाख्यातूनच गेलेल्या लक्ष्मण दादा नाईक विरुद्ध रामचंद्र दादा नाईक या दाव्यात, अविभक्त हिश्शाच्या बाबतीत मृत्युपत्रापेक्षा उत्तरजीवित्वाचा हक्क श्रेष्ठ ठरला. ही अडचण पुढे १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याच्या तिसाव्या कलमाने दूर केली.

एक्झिक्युटरच्या दृष्टीने याचा अर्थ असा की, मुफसलातील हिंदू एक्झिक्युटर हा प्रथम केवळ कारभारी मानला जाई. मृत्युपत्रात जेवढे अधिकार लिहिले असतील तेवढे त्याला. मिळकत त्याच्या ठायी निहित होत नसे. इंग्रजी कल्पना याहून वेगळी होती. तीनुसार मृत्यूच्या क्षणी सर्व मिळकत एक्झिक्युटरकडे येते, तो मृताचा कायदेशीर प्रतिनिधी होतो, आणि देणी फेडून उरलेले तो वाटून देतो. १८६५ च्या भारतीय वारसा कायद्याने ही कल्पना संहितेत घातली व तिच्यासोबतच, प्रोबेट घेतल्याखेरीज एक्झिक्युटरला वा लाभ घेणाराला न्यायालयात हक्क शाबीत करता येणार नाही, हा निर्बंधही घातला. परंतु हिंदू, मुसलमान व बौद्ध यांना त्या कायद्यातून वगळले होते.

१८७० च्या हिंदू मृत्युपत्र कायद्याने यातील निवडक कलमे हिंदू, जैन, शीख व बौद्ध यांच्या मृत्युपत्रांना लावली. पण सर्वत्र नव्हे. बंगालच्या लेफ्टनंट गव्हर्नरच्या अमलाखालील प्रदेश आणि मद्रास व मुंबई ही शहरे, म्हणजे तेथील उच्च न्यायालयांच्या सामान्य मूळ दिवाणी अधिकारक्षेत्राच्या हद्दी, एवढ्यापुरताच तो होता. १ सप्टेंबर १८७० रोजी किंवा त्यानंतर त्या हद्दीत झालेली मृत्युपत्रे आणि, मृत्युपत्र बाहेर झाले असले तरी, त्या हद्दीतील स्थावर मिळकतीपुरता भाग, या दोहोंस तो लागू झाला. सीमारेषा अशी आखली गेली. गिरगावातील हिंदू गृहस्थाच्या एक्झिक्युटरला प्रोबेटवाचून न्यायालयात उभे राहता येईना. ठाण्याच्या अथवा पुण्याच्या एक्झिक्युटरला मुभा राहिली. पुण्यास लिहिलेल्या मृत्युपत्रात मुंबईतील एखादी चाळ असली, तर तेवढ्यापुरता तो पुणेकरही रेषेच्या आत येई.

१८८१ च्या प्रोबेट व व्यवस्थापन कायद्याने मुफसलातील हिंदू, मुसलमान आदींच्या एक्झिक्युटरांना प्रोबेट मिळविण्याची वाट मोकळी केली व मिळकत त्यांच्या ठायी निहित होण्याचे तत्त्वही लागू केले. पण सक्ती केली नाही. १८२७ ची दृष्टी येथे टिकून राहिली. मोहर उपलब्ध झाली. घ्यावयाची की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावयाचे होते.

५. ताईमहाराज प्रकरण

ऐच्छिक प्रोबेट घेतल्याने एक्झिक्युटरला काय मिळते आणि काय मिळत नाही, याचा महाराष्ट्रातील सर्वांत बोलका दाखला म्हणजे ताईमहाराज प्रकरण. राजकीय इतिहासात ते लोकमान्य टिळकांच्या छळाचा एक अध्याय म्हणून वाचले जाते, आणि ते योग्यच आहे. तथापि मुळात ते एका एक्झिक्युटरचे प्रकरण होते.

पुण्याचे सरदार वासुदेव हरिहर पंडित ऊर्फ बाबामहाराज ७ ऑगस्ट १८९७ रोजी पटकीने निवर्तले. राजद्रोहाच्या खटल्यात टिळक त्याच आठवड्यात जामिनावर सुटून आले होते. मरणोन्मुख मित्राने मृत्युपत्र केले आणि त्यात टिळक, अमरावतीचे दादासाहेब खापर्डे, कुंभोजकर, नागपूरकर आदींवर मिळकतीचा भार टाकला. पत्नी ताईमहाराज त्या वेळी गरोदर होत्या. मुलगा न झाल्यास, अथवा होऊन मृत्यू पावल्यास, या मंडळींच्या संमतीने दत्तक घेऊन घराण्याचे नाव चालवावे, अशी योजना त्यात होती. जानेवारी १८९८ मध्ये मुलगा झाला व मार्चमध्ये तो वारला. टिळक तेव्हा तुरुंगात होते. ते सप्टेंबर १८९८ मध्ये सुटले.

पुणे १८७० च्या रेषेबाहेर असल्याने येथे प्रोबेटची सक्ती नव्हती. तरीही या एक्झिक्युटरांनी ते घेतले. त्याचे कारण समजण्यासारखे आहे. मिळकत मोठी होती व कर्जाखाली होती. वसुली करावयाची, देणी भागवावयाची, खर्च आटोक्यात आणावयाचा, तर बाहेरच्या जगाने आपला शब्द मानावा यासाठी मोहर उपयोगी होती. परंतु खर्चास लगाम घालणारा एक्झिक्युटर घरात प्रिय राहत नाही. काटकसरीवरून कुरबूर सुरू झाली आणि तिला सल्लागार मिळाले.

जून १९०१ मध्ये ताईमहाराज, टिळक व खापर्डे औरंगाबादेस (आजचे छत्रपती संभाजीनगर) गेले आणि तेथे २८ जून रोजी घराण्याच्या निधोणे शाखेतील जगन्नाथ या मुलाचे दत्तविधान झाले. पुण्यास परतल्यावर वारे फिरले. जुलैअखेर ताईमहाराजांच्या वतीने प्रोबेट रद्द करण्याचा अर्ज जिल्हा न्यायालयात दाखल झाला आणि ऑगस्टमध्ये त्यांनी कोल्हापूरकडील बाळामहाराजांस दत्तक घेतले. जिल्हा न्यायाधीश अॅस्टन यांनी एप्रिल १९०२ मध्ये प्रोबेट रद्द केले. एवढ्यावर न थांबता खोटी साक्ष आदी आरोपांखाली टिळकांवर फौजदारी कारवाईचा मार्ग मोकळा केला. ऑगस्ट १९०३ मध्ये खास मॅजिस्ट्रेट क्लेमंट्स यांनी टिळकांस अठरा महिने सक्तमजुरी व एक हजार रुपये दंड अशी शिक्षा दिली. अपिलात ती सहा महिन्यांवर आली. आणि मार्च १९०४ मध्ये मुख्य न्यायमूर्ती सर लॉरेन्स जेंकिन्स व न्यायमूर्ती बॅटी यांच्यापुढे उच्च न्यायालयात ती रद्द झाली.

दिवाणी बाजू मात्र याहून लांबली. जगन्नाथाचे दत्तविधान खरे की बाळामहाराजांचे, हा वाद १९०६ साली पुण्याच्या न्यायालयात टिळकांच्या बाजूने लागला. १९१० साली न्यायमूर्ती चंदावरकर व हीटन यांनी तो निकाल फिरविला. टिळक तेव्हा मंडालेस होते. अखेर मार्च १९१५ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने औरंगाबादचे दत्तविधान खरे ठरविले. साक्षीदाराला उलटतपासणीत प्रश्न न विचारता मागाहून त्याला खोटा ठरविणे न्याय्य नाही, असे तत्त्व त्या निकालात प्रतिपादिले गेले आणि पुराव्याच्या कायद्यात ते आजही उद्धृत होते. मित्राच्या मृत्युशय्येपाशी स्वीकारलेले काम अठरा वर्षांनी निर्णयास पोहोचले.

या इतिहासातून एक्झिक्युटरपदाविषयी तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली अशी की, प्रोबेटने मृत्युपत्र शाबीत होते, एक्झिक्युटरचे प्रत्येक कृत्य शाबीत होत नाही. टिळकांवरील आरोप मृत्युपत्राच्या खरेपणाविषयी नव्हते. ते त्यानंतरच्या वर्तनाविषयी होते. दुसरी गोष्ट अशी की, मोहर घेणारा स्वतःला न्यायालयाच्या देखरेखीखाली आणतो. जे न्यायालय देते ते परतही घेऊ शकते. आणि न्यायाधीशाचे मन कलुषित असेल तर ज्या दाराने संरक्षण येते त्याच दाराने संकटही येते. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. मोहर गेल्यानंतरही मृताने टाकलेला विश्वास टिळकांनी सोडला नाही. त्या विश्वासाची पूर्ती कागदांनी व साक्षींनी करावी लागली, आणि ती झाली.

मात्र ताईमहाराजांच्या बाजूचाही विचार इतिहासाच्या अभ्यासकाने केला पाहिजे. ऐन तारुण्यात वैधव्य आलेल्या, दोन महिन्यांत पुत्रही गमावलेल्या स्त्रीच्या घरात परक्या पुरुषांनी खर्चाची बंधने घालावी, हे मृत्युपत्राने न्याय्य ठरविले तरी सुसह्य केले नाही. त्यांचा १९०३ साली, वाद चालू असतानाच, अंत झाला. मृताची इच्छा आणि जिवंतांचे दुःख यांच्यामध्ये एक्झिक्युटरला उभे राहावे लागते. कोणत्याही कायद्याने ही अडचण दूर केलेली नाही.

६. १९२५ ची संहिता व एक्झिक्युटरची कर्तव्ये

१९२५ च्या भारतीय वारसा कायद्याने आधीचे कायदे एकत्र केले. एक्झिक्युटरच्या कामाचा क्रम त्यात इतका रेखीव आहे की, त्याकडे एका जुन्या धंद्याच्या नियमावलीप्रमाणे पाहता येते. मृत्यूनंतर सात दिवसांच्या आत प्रोबेट देता येत नाही. व्यवस्थापत्रास चौदा दिवस थांबावे लागते. अज्ञान अथवा वेडसर मनुष्यास प्रोबेट मिळत नाही. प्रोबेट मिळाल्यावर सहा महिन्यांत मिळकतीची व देण्या-येण्याची पूर्ण यादी आणि एक वर्षात हिशेब न्यायालयात दाखल करावयाचा असतो. देणी भागविण्याचाही क्रम ठरलेला आहे: प्रथम अंत्यविधीचा व अखेरच्या दुखण्याचा योग्य खर्च, मग प्रोबेटचा व कारभाराचा खर्च, मग मृत्यूपूर्वीच्या तीन महिन्यांतील मजूर, कारागीर वा घरगड्यांच्या सेवेचे वेतन, आणि त्यानंतर इतर ऋणे. मृत्युपत्रातील देणग्या यानंतरच. मृत्यूनंतर एक वर्ष होईपर्यंत देणगी देण्यास एक्झिक्युटर बांधलेला नसतो. मिळकतीची खरी स्थिती समजण्यास लागणारा काळ त्याला यातून मिळतो.

या क्रमात एक नीती दिसते. मोलकऱ्याचे वेतन सावकाराच्या आधी आणि सावकाराचे देणे पुतण्याच्या देणगीच्या आधी. ज्याने हा क्रम मोडून मिळकत उधळली, किंवा हलगर्जीपणाने येणे बुडू दिले, त्याने ती हानी स्वतः भरून द्यावी, असेही कायदा सांगतो. नेमणूक नसताना मिळकतीत हात घालणाराला 'स्वतःच्या अपराधाने झालेला एक्झिक्युटर' असे नाव देऊन त्याच्यावर एक्झिक्युटरची जबाबदारी तेवढी टाकली आहे. तथापि मृताचा माल सुरक्षित ठेवणे, अंत्यविधी करणे, घरच्यांची तातडीची गरज भागविणे, असल्या कृत्यांनी तो दोष लागत नाही. शेजारधर्म आणि लुडबूड यांतील अंतर कायद्यानेही ओळखले आहे.

सक्तीच्या बाबतीत मात्र १९२५ च्या कायद्याने जुनी रेषा जशीच्या तशी उचलली. कलम २१३ चा निर्बंध हिंदूंच्या बाबतीत १८७० च्या हद्दींपुरता राहिला. मुसलमानांना तो कधीच लागला नाही. १९६२ च्या दुरुस्तीने पारशी मृत्युपत्रेही मुंबई, मद्रास व कलकत्ता उच्च न्यायालयांच्या मूळ हद्दींपुरती त्याच मापात आणली; २००२ साली भारतीय ख्रिश्चनांना त्यातून सोडविले. दरम्यान शहर वाढत गेले आणि बृहन्मुंबईच्या रचनेबरोबर उच्च न्यायालयाच्या हद्दीविषयी १९४५ साली स्वतंत्र कायदा करावा लागला. एकाच उपनगरी गाडीने प्रवास करणाऱ्या दोन शेजाऱ्यांपैकी एकाच्या मृत्युपत्रास प्रोबेट हवे व दुसऱ्याच्या मृत्युपत्रास नको, ही स्थिती केवळ हद्दीच्या खांबाने निर्माण केली होती. १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने हेम नोलिनी जुडा प्रकरणात, हा निर्बंध वादीप्रमाणेच प्रतिवादीलाही लागू होतो, असे ठरविल्याने त्याची धार वाढली. २००१ साली क्लॅरेन्स पाइस प्रकरणात या भेदाला समतेच्या तत्त्वावर आव्हान मिळाले. न्यायालयाने ऐतिहासिक कारणांचा आधार घेऊन कलम वैध ठरविले. इतिहास हे येथे कायद्याचे समर्थन झाले.

७. रेषा पुसल्यानंतर

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या निरसन व दुरुस्ती कायद्याने कलम २१३ वगळले. प्रोबेट नाहीसे झाले नाही; त्याची सक्ती नाहीशी झाली. मुंबईचा एक्झिक्युटर आता पुण्याच्या एक्झिक्युटरच्या पंक्तीस बसला, आणि १८२७ च्या रेग्युलेशनने मुफसलासाठी स्वीकारलेली दृष्टी दीडशेहून अधिक वर्षांनी बेटासही लागू झाली. वसाहतकालीन भेद दूर झाला असे यास म्हणता येईल. पण ज्या तत्त्वाकडे आपण वळलो तेही त्याच काळातील एका अधिक सावध कायद्याचे होते, हे विसरता कामा नये.

व्यवहारात मूळ प्रश्न तेथेच आहे. पेढीवाल्याची जागा बँकेने व गृहनिर्माण संस्थेने घेतली आहे, आणि आपण रक्कम वा सदनिका चुकीच्या माणसास दिली तर काय, ही त्यांची धास्ती १८२७ च्या देणेकऱ्याच्याच जातीची आहे. नामनिर्देशन, म्हणजे नॉमिनी नेमणे, हा त्यावरील आधुनिक तोडगा. नॉमिनीला पैसे दिले की संस्था मोकळी होते. परंतु नॉमिनी मालक होत नाही. विम्याच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने हे १९८३ साली सरबती देवी प्रकरणात आणि कंपन्यांच्या समभागांच्या बाबतीत २०२३ साली शक्ती येझदानी प्रकरणात स्पष्ट केले. दाखल्याने हक्क उत्पन्न होत नाही, तो फक्त कारभारी दाखवितो, या १८२७ च्या सूत्राचेच हे नवे रूप होय. अनेक कुटुंबांत आजही नॉमिनी व वारस यांची गल्लत होऊन भाऊ-भाऊ न्यायालयात जातात, ते हे सूत्र ठाऊक नसल्याने.

सक्ती गेल्याने मृत्युपत्राच्या खरेपणाची तपासणी आपोआप होणार नाही. ज्या मृत्युपत्राविषयी घरात कुजबूज आहे, ज्यात एका मुलास वगळले आहे, ज्याचे साक्षीदार वृद्ध आहेत, त्याचे प्रोबेट घेणे एक्झिक्युटरच्याच हिताचे आहे. कारण प्रोबेट मृत्युपत्र सर्वांविरुद्ध शाबीत करते आणि ते रद्द झालेले नाही तोवर त्याच्या आधारे सद्भावाने रक्कम देणारालाही अभय देते. उलट जेथे घर एकमताचे आहे व मिळकत साधी आहे, तेथे ती पायरी आता टाळता येईल. हा निर्णय कायद्याने एक्झिक्युटरच्या विवेकावर सोपविला आहे आणि त्यामुळे त्याची जबाबदारी हलकी न होता वाढली आहे.

या इतिहासाचा निष्कर्ष असा की, एक्झिक्युटरच्या अधिकाराचा उगम मृताच्या विश्वासात आहे आणि न्यायालयाची मोहर हा तो विश्वास अपरिचितांना वाचता यावा म्हणून केलेला अनुवाद आहे. बेटावरील कायद्याने अनुवादालाच मूळ मानले, तेव्हा खर्च व विलंब वाढला. मुफसलातील कायद्याने हा भेद ओळखला, म्हणून तो टिकला. पण मूळ कितीही शुद्ध असले तरी त्याची नोंद लागते. ज्याने पहिल्या आठवड्यातच चीजवस्तूंची यादी केली, प्रत्येक खर्चाची पावती राखली, वारसांना हिशेब मागण्यापूर्वी दाखविला आणि महत्त्वाची कृत्ये साक्षीदारांसमक्ष केली, त्याला मोहर असो वा नसो, बचावाचे साधन हाताशी राहते. ताईमहाराज प्रकरणात मोहर काढून घेतली गेली तेव्हा उरले ते एवढेच, आणि प्रिव्ही कौन्सिलपर्यंत तेच पुरले.